पाच सेंटिमीटरची जागा

माणसाला नीट श्वास घेता येतो की नाही, याची परीक्षा सरकार सहसा घेत नाही. घेतं ते पोलिसात किंवा फौजेत जायचं असेल तेव्हाच. महाराष्ट्रातल्या पोलीस शिपाई भरतीत मुलाची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर भरावी लागते, आणि फुगवल्यावर ती आणखी किमान ५ सेंटिमीटरनं वाढावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात या ५ सेंटिमीटरला फार मोल आहे. ज्या घरची दिवाळी कापसाच्या भावावर ठरते, त्या घरात दरमहा पगार येणार की नाही, हे कधीकधी त्या टेपवरच्या पाच रेघा ठरवतात. म्हणून पुसद म्हणा, दिग्रस म्हणा, दारव्हा म्हणा, गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पोट्टे धावताना दिसतात. धावून झालं की एकमेकांच्या छातीला टेप गुंडाळतात.

“फुगव बे, अजून फुगव!”

“यातून जास्त फुगवली तं मरून जाईन मी.”

“भरती झाल्यावर मर. आता टेप पाहू दे.”

फिरायला निघालेले एखादे काकाजी अशा वेळी थांबल्याशिवाय राहत नाहीत. कानटोपी सारखी करत ते सल्ला देतात, “अबे, आधी हवा भरा लेकहो! हवा भरली का छाती आपोआपच फुगते.”

काकाजींच्या वयाला, अनुभवाला आणि कानटोपीला पूर्ण मान देऊन सांगायचं, तर क्रम उलटा आहे. हवा भरते म्हणून छाती फुगत नाही. छाती फुगते म्हणून हवा भरते. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरा, तोंड घट्ट मिटा आणि छाती फुगवा. हवेचा एक कणही आत जात नाही, तरी छाती थोडीशी फुगतेच, आणि आतून एक चमत्कारिक ओढ जाणवते. (हे वाचून निम्म्या वाचकांचा हात नाकाकडे गेला असेल. उरलेल्यांनी घरात कोणी बघत नाही ना, एवढं पाहून घेतलं असेल.) ती ओढ म्हणजेच श्वास. हवेनं त्या ओढीला मान दिला की तो पूर्ण होतो.

घडतं ते असं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा वर फुगलेला एक स्नायूंचा पडदा आहे, श्वासपटल. शाळेत त्याचं चित्र काढून दोन गुण मिळवले, की जन्मभर आपण त्याला विसरतो. तो मात्र आपल्याला विसरत नाही. श्वास आत घेताना हा घुमट आकसून खाली सपाट होतो आणि पोटाला पुढे ढकलतो. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी मोठी होते, तिला आतून चिकटलेली फुप्फुसं तिच्याबरोबर ताणली जातात, आणि आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो. किंचित म्हणजे किती? हजारात एक-सव्वा भाग. एवढा फरक बाहेरच्या हवेला पुरतो. ती आपण होऊन आत येते. साधा, बसल्या जागचा श्वास अर्ध्या लिटरचा. मिनिटाला बारा ते अठरा धरले, तर दिवसाला वीसेक हजार श्वास आणि दहा हजार लिटरच्या आसपास हवा. एवढ्या उलाढालीत आपलं काम एकच: जागा करून देणं.

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. जॉन मेयो नावाच्या इंग्रज वैद्यानं १६७४ साली छापलेल्या पुस्तकात ती नीट मांडली. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तेच हे वर्ष. मेयोनं लोहाराच्या भात्यात एक पातळ पिशवी बसवली, पिशवीचं तोंड बाहेर काढलं आणि भाता उघडला. पिशवीला कोणी हात लावला नव्हता, तरी ती भरली. बरगड्या आणि श्वासपटल भात्याचं काम करतात, हे त्यानं दाखवून दिलं. त्याच्या तीस वर्षं आधी इटलीत टॉरिचेलीनं पाऱ्याच्या नळीनं हवेला वजन आहे हे सिद्ध केलं होतं. समुद्रकाठी ते चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतं. एवढी जड हवा दाराशी टेकून उभी असताना तिला ओढून आणायची गरज काय? दार उघडायचा अवकाश, ती घरात.

मेयोला भात्याचा आधार घ्यावा लागला, कारण बिचाऱ्यानं यवतमाळचा उन्हाळा काढला नव्हता. त्याला कूलर माहीत नव्हता. आपल्याकडे होळी झाली की माळ्यावरचा नाही तर अंगणातला पत्र्याचा कूलर बाहेर निघतो. त्याला निळा किंवा पिस्ता रंग लागतो, तीन बाजूंच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरला जातो, पाण्याचा पंप चिमटा घेतो की शॉक देतो हे धाकट्या भावाला हात लावायला सांगून तपासलं जातं, आणि खिडकीबाहेर घोडीवर ठेवून कूलर सुरू होतो. पाहुण्यांना वाटतं, पंखा हवा फेकतो म्हणजे कूलर चालतो. अर्धी गोष्ट तेवढी खरी. पंखा पेटीतली हवा खोलीत फेकतो, त्यामुळे पेटीत हवा कमी होते, आणि ती उणीव भरायला बाहेरची हवा तिन्ही बाजूंनी ओल्या ताट्यांमधून आत घुसते. ताटीला हवा ओढण्याचं काही अंग नाही. ती ओली होऊन उभी असते. पेटीत जागा झाली की उन्हाची झळ गार होऊन वाळ्याचा वास घेऊन येते. छातीचं आणि या पेटीचं शास्त्र एकच.

आणि कूलरचं दुसरं शास्त्र तर इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नवीन बदलून आलेला एखादा साहेब खिडक्या-दारं गच्च लावून कूलरपुढे घाम पुसत बसतो. मग मिस्त्री येतो, कूलरकडे पाहतसुद्धा नाही, सरळ जाऊन समोरची खिडकी उघडतो.

“साहेब, इकडून जाईन तवाच तिकडून येईन ना जी हवा.”

श्वासाबद्दल मोठमोठ्या ग्रंथांत जे सांगितलंय, त्यातलं बरंचसं या एका वाक्यात आहे. श्वास आत घ्यायचा तर आधीचा सोडावा लागतो. दम्याच्या रुग्णाला विचारा. त्याची अडचण हवा आत येण्यापेक्षा बाहेर जाण्याची असते. आकसलेल्या नळ्यांमधून जुनी हवा निघत नाही, म्हणून नवी मावत नाही. छाती भरलेली असते आणि जीव घाबरलेला. अर्थात सगळीच सोडायची म्हटलं तरी जमत नाही. कितीही जोर लावून श्वास सोडा, सव्वा लिटरच्या आसपास हवा आत उरतेच. शरीर एवढी शिल्लक खात्यावर कायम ठेवतं.

आता आपल्या वाट्याला येणाऱ्या हवेचंही बघू. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे. वर जावं तशी हवा विरळ होते, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा पाचेक टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे एका श्वासात मुंबईकराला जितका प्राणवायू मिळतो, त्यापेक्षा पाच टक्के कमी यवतमाळकराला. रस्ते, रेल्वे, सिंचन यांचा अनुशेष विधानसभेत वर्षानुवर्षं मोजला गेला. हा हवेचा अनुशेष मात्र कुठल्याच समितीच्या नजरेत आलेला नाही. शरीरानं त्यावर मोर्चा काढला नाही. त्यानं मुकाट्यानं निभावून नेलं. हवेत एकवीस टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासातही सोळा-सतरा टक्के शिल्लक राहतो. चार-पाच टक्क्यांवर संसार करणाऱ्याला पाच टक्के कमी-जास्त झाल्याचं कळतसुद्धा नाही. तशी सवय या जिल्ह्याला आहेच.

हवा आत येते ती नाकातून, आणि नाकाचा खरा कस लागतो मे महिन्यात. फुप्फुसांना हवा लागते ती शरीराच्या तापमानाची, म्हणजे ३७ अंशांची, आणि ओलाव्यानं पूर्ण भरलेली. पुस्तकांत लिहिलेलं असतं की नाक हवा गरम करतं. ती पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. यवतमाळच्या मेमध्ये बाहेर पारा ४४-४५ वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. तेव्हा इथलं नाक हवा गरम करत नाही, गार करतं. आतल्या ओल्या अस्तरावरचं पाणी हवेत मुरतं, हवा थंडावते आणि ओली होऊन खाली उतरते. ताटी ती हीच. फक्त वाळ्याचा वास नाही. या कामात दिवसाला तीनशे-चारशे मिलिलीटर पाणी नुसत्या श्वासावर खर्च होतं. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणं आटली, लोक टँकरमागे कळशा घेऊन धावले. तेव्हाही प्रत्येकाचं नाक आपली ताटी भिजवतच होतं. पाणीकपात त्याला लागू नव्हती. फार ताण पडला की मात्र तेही बंड करतं. पोरांचा घोळणा फुटतो, आजी डोक्यावर पाणी थापते, फोडलेला कांदा हुंगायला देते आणि “उन्हात हुंदडू नको सांगितलं होतं” हे औषध त्याबरोबर फुकट देते.

नाकाची आणखी एक खोड आहे. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या क्वचितच असतात. आतल्या अस्तराला रक्तानं सूज येते, काही तासांनी ती ओसरते आणि दुसऱ्या बाजूला येते. एक पाळीवर, दुसरी सुट्टीवर. युरोपात जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यानं १८९५ साली हे लिहून ठेवलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चंद्रनाडी-सूर्यनाडीचा हिशेब चालत होता. ‘शिवस्वरोदय’ या ग्रंथाचा सगळा विषयच तो. जुनी माणसं घराबाहेर पडताना कोणता स्वर चालू आहे ते बोटावर श्वास घेऊन पाहत आणि त्याच बाजूचा पाय आधी उंबऱ्याबाहेर टाकत. कामं त्यानं होत की नाही हे सांगता येणार नाही. पण कामाला निघण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबून आपला श्वास तपासत असे, हा फायदा काही कमी नाही. आपण निघताना मोबाइलची बॅटरी तपासतो.

श्वासाच्या यंत्राची सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे त्याच्या किल्ल्या दोघांकडे आहेत. हृदयाला आपण “जरा थांब” म्हणू शकत नाही. जठराला “आज लवकर आटप” सांगता येत नाही. श्वास मात्र झोपेत आपोआप चालतो आणि मनात आलं तर हातीही घेता येतो. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, त्याचं कार्यालय आहे. तिथले कर्मचारी प्राणवायू कमी झाला का यापेक्षा कार्बन डायऑक्साइड वाढला का, यावर नजर ठेवून असतात. उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावणारी पोरं जीव घाबरून वर येतात, ती आतला प्राणवायू संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. वरच्या मजल्यावरून मेंदू सांगत असतो, “अजून थोडं थांब, तो सदा वर आल्याशिवाय यायचं नाही.” तळमजल्यावरून हुकूम येतो, “चूप. वर ये.” शेवटी तळमजला जिंकतो. जिंकायलाच हवा. म्हणूनच बुडी मारण्याआधी मुद्दाम भराभर खूप श्वास घेणं धोक्याचं. त्यानं कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तळमजल्याचा पहारेकरी गाफील राहतो आणि हुकूम यायच्या आधीच शुद्ध हरपू शकते.

दोघांकडे किल्ल्या असल्या की थोडे घोळ होणारच. श्वासाकडे नीट लक्ष दिलं की तो अवघड होतो. आतापर्यंत तुम्ही सहज घेत होतात. या ओळीला पोहोचल्यावर हातानं घ्यायला लागला असाल. दोन-तीन परिच्छेद पुढे गेलात की तळमजला पुन्हा ताबा घेईल, काळजी नको. उचकी हाही एक घोळच. श्वासपटलाला अचानक आचका बसतो, हवा आत झेपावते आणि तेवढ्यात कंठाचं दार धाडकन लागतं. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात आणि नावं घेऊन पाहतात. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या पोराचं नाव घेतल्यावर उचकी थांबली, की यवतमाळातल्या आईला बरं वाटतं. खरं तर नावं घेण्याच्या नादात तिनं श्वास जरा रोखलेला असतो आणि तेवढ्यानं श्वासपटल ताळ्यावर येतं. पण हे तिला कोण सांगणार, आणि का?

उसाशाचं तसं नाही. उसासा दुःखाचा, असं समजून आपण उगाच माणसाची चौकशी करतो. शरीर दर काही मिनिटांनी, झोपेतसुद्धा, एक मोठा दुहेरी श्वास घेतं. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात, साधारण तीस ते पन्नास कोटी. उथळ श्वासात त्यांतले काही मिटून बसतात. हा मोठा श्वास त्यांना पुन्हा उघडतो. घरात सून मोठा उसासा टाकते तेव्हा सासूला वाटतं, आपल्याविरुद्ध टाकला. सासूनं विचार करावा, कदाचित ती वायुकोश उघडत असेल.

सगळ्यांनाच असं जागा करून हवा बोलावणं जमत नाही. पहिल्या पावसानंतर नाल्याकाठी ओरडणारा बेडूक पाहा. त्याच्याकडे श्वासपटलही नाही आणि आपल्यासारख्या बरगड्यांचा पिंजराही नाही. तो तोंडाचा तळ खाली करून हवा तोंडात घेतो, नाक मिटतो आणि घोट घेतल्यासारखी ती फुप्फुसांत ढकलतो. त्याचा गळा सारखा थरथरतो तो तोंडातली हवा बदलण्यासाठी. माणसावर वेळ आली की डॉक्टरही हीच बेडकाची रीत वापरतात. १९२८ साली अमेरिकेत फिलिप ड्रिंकरनं आपल्या कूलरच्या तत्त्वावर पोलिओच्या रुग्णांसाठी लोखंडी पेटी केली होती. रुग्णाचं धड पेटीत, डोकं बाहेर. पेटीतला दाब कमी केला की छाती उचलली जाई आणि हवा आत येई. पण १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा पेट्या पुरेनात. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं बसले आणि हातानं रबरी पिशव्या दाबून रुग्णांच्या छातीत हवा ढकलत राहिले. आजचा व्हेंटिलेटर त्यातूनच पुढे आला. करोनानंतर हा शब्द खेड्यापाड्यात सगळ्यांना पाठ झाला, पण तो शिकण्यासाठी मोजलेली किंमत कोणालाच विसरता येत नाही.

इथपर्यंतचा सगळा मामला छातीचा होता. आता उरला तो हवेचा. छाती जागा करते आणि दाराशी जे असेल ते आत येतं. नाकातले केस, ओलं अस्तर, नळ्यांमधली वरवर सरकणारी सूक्ष्म लव हे सगळे पहारेकरी जाड धूळ अडवतात. बारीक धूळ आणि वायू त्यांच्या हातात सापडत नाहीत. आत वायुकोशांचं क्षेत्रफळ पसरलं तर सातशे चौरस फुटांच्या आसपास भरतं. एवढ्या जागेवर नगरपालिकेनं अजून कर लावला नाही हे नशीब. आणि तिथला हवा आणि रक्त यांच्यामधला पापुद्रा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. प्राणवायूला पटकन रक्तात उतरता यावं म्हणून ही सोय. पण जी वाट प्राणवायूला सोपी, ती इतरांनाही सोपी.

आपल्या जिल्ह्याचं पीक कापूस. तो इथून नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ–मूर्तिजापूर छोटी रेल्वे घातली, तीच पुढे शकुंतला झाली. कापूस मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरकडे गेला. मँचेस्टरनं उलट टपालानं इंजिन पाठवलं, १९२१ साली बांधलेलं. ते १९९४ पर्यंत शकुंतलेला ओढत राहिलं. या देवाणघेवाणीत एक गोष्ट कुठल्याच हिशेबाच्या वहीत नाही. गिरण्यांमध्ये कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत घेणाऱ्या कामगारांना एक आजार होई. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळून येई, मंगळवारी जरा बरं वाटे. सोमवारी छाती जड होण्याचा अनुभव सगळ्याच नोकरदारांना असतो, पण यांचं कारण खरोखर हवेत होतं. वऱ्हाडच्या काळ्या मातीत उगवलेल्या बोंडाचे तंतू कुठल्याशा इंग्रज मजुराच्या छातीत जाऊन बसले असतील, आणि त्यानं यवतमाळ हे नावसुद्धा ऐकलं नसेल.

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उरते, आणि पऱ्हाटी चुलीत जाते. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचं कसब कधी निरखून पाहा. ती मान बाजूला वळवते, तिकडून श्वास भरून घेते, मग फुंकणीला तोंड लावते. मान वळवायला विसरली तर सगळा धूर आत. हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. दुसऱ्यांदा खोकला आल्यावर ती शिकते. पण ओसरी बंद असेल, पाऊस असेल, तर ज्या बाजूला मान वळवली तिकडेही धूरच असतो. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या रस्त्यांवरून कोळशाचे ट्रक जातात आणि रस्त्याकाठच्या तुरीच्या पानांवर काळा थर बसतो. पान पावसात धुऊन निघतं. छातीला पाऊस लागत नाही.

आणि २०१७. त्या खरिपात अनेक शेतांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. बोंडअळी होती, भीती होती, कर्ज होतं. पाठीवर पंप घेऊन माणसं उंच पऱ्हाटीत शिरली आणि दोन-तीन औषधं एकत्र करून फवारत राहिली. फवारा कमरेखाली न पडता तोंडाच्या उंचीवर उडाला. यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. विष कातडीतून गेलं, डोळ्यांतून गेलं आणि श्वासातूनही. यातल्या काही कीटकनाशकांचा मारा मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या संदेशावर असतो. छातीत पाणी साचतं, आणि शेवटी श्वासपटल जागा करायचंच थांबतं. तोंडाला दुपट्टा बांधला होता, असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. पण फवाऱ्यानं ओला झालेला दुपट्टा विष गाळत नाही, ते तोंडाशी धरून ठेवतो. मास्क घालायला हवा होता, हे एसी खोलीत बसून सांगणं सोपं. भादव्याच्या उकाड्यात, चिखलात, पाठीवर पंप घेऊन, रोजंदारीवर मास्क घालून पाहावा.

म्हणून छाती किती फुगते याचं कौतुक एका मर्यादेपर्यंत ठीक. ५ सेंटिमीटरची जागा करणं ज्याचं त्याच्या हातात आहे. सरावानं ती सहाही होईल. त्या जागेत काय येणार, हे मात्र शेजाऱ्यानं काय पेटवलं, रस्त्यावर काय उडालं, बांधापलीकडे काय फवारलं यावर ठरतं. शेताला सातबारा असतो, विहिरीला हिस्से असतात, नाल्याच्या पाण्यावरून भावाभावांत कोर्ट-कचेऱ्या होतात. हवेवर कोणाचं नाव लागलेलं नाही, आणि त्यामुळेच ती साफ ठेवण्याची पाळी कोणाची हेही ठरलेलं नाही. आपण सोडलेला श्वास पुढच्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी छातीत जातो. आत येणारी हवा फार तर उसनी.

हे आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. योगदिनाचं शिबिर होतं. बागेत सतरंज्या अंथरलेल्या, पांढरे कपडे घातलेले प्रशिक्षक ध्वनिक्षेपकावरून सांगत होते, “डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. शुद्ध प्राणवायू आत येतोय अशी भावना करा.” तेवढ्यात कुंपणापलीकडे झाडलेला पाला आणि प्लॅस्टिक कोणीतरी पेटवलं. सगळ्यांनी शहाण्यासारखे डोळे मिटून भावना केली. गुरुजी तेवढे उठून उभे राहिले.

“थांबा जी,” ते म्हणाले. “आधी तो कचरा इझवू, मंग दीर्घ श्वास घेऊ.”

चौघांनी बादल्या आणल्या. शिबिर दहा मिनिटं उशिरा सुरू झालं. प्रशिक्षक जरा नाराज होते. त्यांचा कार्यक्रम बिघडला होता. पण प्राणायामातली पहिली क्रिया त्या दिवशी गुरुजींनीच शिकवली, आणि तिला बादली लागते.